‘व्हायरल आहे, उतरेल’ म्हणायच्या आधी: प्रतिकारशक्ती कमी असलेला रुग्ण गावात सांभाळताना

पावसाळा लागला की गावात चार घरं सोडून एका घरी कोणी ना कोणी तापलेलं असतंच. ‘व्हायरल हाय, तीन दिवसांत उतरते’ म्हणत माणसं पॅरासिटामॉल गिळतात आणि डवरणीला निघून जातात. बहुतेकांचा ताप उतरतोही. पण घरातलं कोणी नागपूरहून कॅन्सरची केमो घेऊन परतलं असेल, कोणाची किडनी बदललेली असेल, कोणाला महिनोन्‌महिने स्टेरॉइड चालू असेल, कोणी एचआयव्हीसाठी एआरटी सेंटरच्या गोळ्या घेत असेल किंवा पोराला सिकलसेल (रक्ताचा जन्मजात आजार) असेल, तर त्या घराला हा हिशेब लागू पडत नाही. अशा घरात पहिल्यांदाच रुग्ण सांभाळायची वेळ आलेल्यांसाठी हे लिहितो आहे.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. लाली, सूज, पू, फणफणणारा ताप ही सगळी शरीराच्या लढाईची लक्षणं आहेत. लढणाऱ्या, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशीच कमी असतील तर लक्षणंही मंद दिसतात. म्हणून ‘दिसायला तर बरा आहे’ यावर विसंबू नका. निर्णय थर्मामीटरचा आकडा आणि घड्याळ बघून घ्यायचा, आणि त्या घड्याळात रस्त्याचा वेळही धरायचा. धारणी किंवा भामरागडसारख्या दुर्गम भागातल्या माणसाने तर आधी रस्ताच मोजावा.

नेमकं काय कमी आहे, ते विचारून घ्या

‘प्रतिकारशक्ती कमी’ हे सगळ्यांच्या बाबतीत सारखं नसतं. केमोच्या बहुतेक औषधांत पांढऱ्या पेशी डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत सगळ्यात खाली जातात. ते दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने खूण करून ठेवा. त्या दिवसांत लग्न, तेरवी, बाजार, एसटीची गर्दी, सगळं बंद. किडनी बदललेल्या माणसाला पहिले सहा महिने जास्त जोखमीचे, पण प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर असतात, म्हणून काळजीही जन्मभर. प्रेडनिसोलोन रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त, दोन आठवडे किंवा जास्त चालू असेल तर तो माणूसही याच यादीत येतो. दमा, संधिवात किंवा पोराच्या अंगावरच्या सुजेसाठी स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या घरी हे बऱ्याचदा माहीतच नसतं. एचआयव्हीत सीडी-४ पेशी २०० च्या खाली असतील तर धोका मोठा. गोळ्या नियमित घेतल्या की पेशी वाढतात आणि धोका उतरतो.

सिकलसेलचं थोडं वेगळं आहे. पूर्व विदर्भात, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर भागात हे रुग्ण पुष्कळ. त्यांची प्लीहा (रक्तातले जंतू गाळणारा पोटातला अवयव) लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे जिवाणूंचा धोका अधिक. पण एक विषाणू खास त्यांच्याच मुळावर येतो, त्याबद्दल पुढे.

शुगर आणि म्हातारपण यांनीही शक्ती कमी होते. म्हणून काही प्रत्येक आजोबांना खोलीत कोंडायचं नाही. किती जपायचं हे उपचार करणाऱ्या डॉक्टरलाच विचारा, आणि सुट्टी होताना विचारा. घरी आल्यावर फोन लागेलच असं नाही.

एक कागद, एक पिशवी

तालुक्याच्या दवाखान्यात रात्री ड्युटीवर असलेल्या डॉक्टरला तुमचा रुग्ण माहीत नसतो. त्याला एका नजरेत कळेल असा कागद लिहून त्याला प्लॅस्टिक लावून घ्या. त्यावर एवढं हवं:

- आजाराचं नाव, आणि ठळक अक्षरात: ‘प्रतिकारशक्ती कमी आहे’
- चालू औषधं, मात्रेसह. शेवटच्या केमोची तारीख
- मोठ्या दवाखान्याचा वॉर्ड आणि दिवसरात्र लागणारा नंबर
- कोणत्या औषधाची रिअ‍ॅक्शन येते, रक्तगट, शेवटचा रक्त तपासणीचा रिपोर्ट

गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलवर असू द्या. पिशवीत फाइल, आधार, रेशनकार्ड, थर्मामीटर, मास्क, दोन दिवसांच्या गोळ्या आणि थोडे रोख पैसे. रेशनकार्ड विसरू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं काम त्याच्यावाचून अडतं. आणि गावात रात्री गाडी कोणाची मिळेल हे आजच ठरवा. १०८ ला फोन लावाच, पण ती गाडी दुसऱ्या गावाला गेलेली असेल तर काय, याचं उत्तर तयार हवं.

उपचार सुरू होण्याआधीची दोन कामं

पहिलं, हिपॅटायटिस बी ची तपासणी. हा विषाणू वर्षानुवर्षं यकृतात गुपचूप पडून राहू शकतो. केमो, जास्त स्टेरॉइड किंवा रिटुक्सिमॅबसारखं औषध सुरू झालं की तो उठतो, आणि यकृत निकामी होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. आधी कळलं तर एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिरच्या गोळीने त्याला रोखता येतं. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ पासून सुरू आहे, त्यात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. ‘एचबीएसएजी झाली का, आणि अँटी-एचबी-कोअर झाली का?’ असं दोन्ही नावं घेऊन विचारा. विचारायला लाजू नका.

दुसरं, लसी. मेलेल्या विषाणूच्या किंवा त्याच्या तुकड्यांच्या लसी चालतात: फ्लूचं इंजेक्शन दरवर्षी, हिपॅटायटिस बी, आणि नागिणीची नवी लस, जी भारतात २०२३ पासून मिळते पण खिशाला जड आहे. जमल्यास उपचाराच्या दोन आठवडे आधी घ्याव्यात. जिवंत विषाणूच्या लसी, म्हणजे गोवर-रुबेला, कांजिण्या, तोंडाने द्यायचा पोलिओ, उपचार चालू असताना रुग्णाला साधारणपणे देत नाहीत.

घरातल्या बाकीच्या पोरांच्या लसी मात्र चालूच ठेवा. पोरांना गोवर झाला नाही तर त्यांच्याकडून रुग्णालाही होणार नाही. फक्त पोलिओच्या थेंबांचं आशाताईला आणि डॉक्टरला आधी सांगा, कारण त्या लसीतला विषाणू काही आठवडे बाळाच्या शौचातून बाहेर पडत राहतो. रोटाव्हायरसच्या थेंबांचंही तसंच. बाळाचं लंगोट रुग्णाने धुवायचं नाही, आणि धुणाऱ्याने हात साबणाने धुवायचे.

छपरी, कुलर आणि येणारेजाणारे

मोठ्या दवाखान्यातून माणूस घरी आला की अर्धं गाव पाहायला येतं. पारले बिस्किटाचा पुडा, दोन संत्री, आणि सोबत खोकणारं पोरगं. यात माया असते, तिला तोडू नका. खुर्च्या छपरीत टाका, रुग्णाची खाट आत खिडकीजवळ ठेवा, आणि बोलायचं काम घरातल्या एखाद्या वयस्कर माणसावर सोपवा. सून बोलली तर रुसवे होतात. आजी म्हणाली, ‘डाक्टरनं मनाई केली हाय, छपरीतूनच बोला, राग नोका मानू,’ तर कोणी काही मनावर घेत नाही.

ज्याला सर्दी, खोकला, जुलाब, ताप, अंगावर पुरळ किंवा ओठावर फोड आहे त्याने आत जायचं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. मास्क गर्दीत रुग्णाने आणि आजारपणात घरच्यांनी. हात साबणाने. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही, करायचं तेवढं आहे.

पाणी पावसाळ्यात उकळून द्या. कावीळ पसरवणारे हिपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू घाण पाण्यातूनच येतात. पाइपलाइन फुटून नालीचं पाणी नळात शिरणं आपल्याकडे नवं नाही.

कुलरबद्दल जरा जास्त सांगतो. विदर्भात मे महिन्यात कुलर लागतोच, पण जून-जुलैत तो बंद पडून खिडकीत तसाच राहतो आणि खाली चार बोटं पाणी साचलेलं असतं. डेंग्यू आणि चिकुनगुनियाचा डास त्यात मजेत वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक ठरलेला वार: कुलर, रांजण, टाकं, गुरांची डोणी, छतावरचे टायर सगळं ओतून, घासून, कोरडं. डास दिवसा चावतो, तेव्हा रुग्ण दुपारी झोपला तरी मच्छरदाणी लावा.

तापाची रात्र

सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. थर्मामीटर साधा डिजिटल घ्या आणि तोंडात जिभेखाली धरून मोजा. काखेत मोजलं तर आकडा साधारण अर्धा ते एक अंश कमी येतो. चहा प्यायल्यावर किंवा उन्हातून आल्यावर लगेच मोजू नका, वीस-पंचवीस मिनिटं थांबा. आणि चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात टिनाच्या घरातली हवाच ४४-४५ अंश सेल्सिअस होते. फळीवर तापलेलं थर्मामीटर भलताच आकडा दाखवू शकतं, त्याला थंड जागी ठेवा.

केमोच्या रुग्णात तोंडाचा ताप एकदा १०१ फॅरनहाइट (३८.३ सेल्सिअस) आला, किंवा १००.४ (३८ सेल्सिअस) तासभर टिकला, तर तो तातडीचा आजार समजायचा. सकाळची वाट पाहायची नाही. अवयव बदललेला रुग्ण असेल तर १००.४ लाच फोन करा. सिकलसेलच्या पोराला १०१ ताप म्हणजे लगेच दवाखाना.

काय करायचं, त्याचा क्रम असा. आकडा आणि वेळ कागदावर लिहा. पॅरासिटामॉल देण्याआधी वॉर्डच्या नंबरवर फोन करा, कारण गोळीने ताप दबला की ‘आता बरं वाटतंय’ म्हणून निघणं लांबतं. फोन लागला नाही तर थांबू नका, निघा. दवाखान्यात पोहोचल्यावर केसपेपरच्या रांगेत उभं न राहता थेट सिस्टरला कागद दाखवा आणि सांगा: ‘केमो चालू आहे, ताप आहे, पांढऱ्या पेशी कमी असू शकतात.’ अशा रुग्णाला पोहोचल्यापासून तासाभरात प्रतिजैविकाचं इंजेक्शन सुरू व्हायला हवं. ताप विषाणूचा की जिवाणूचा हे घरी कोणालाच कळत नाही, डॉक्टरलाही नुसतं पाहून कळत नाही. म्हणून आधी वाईट शक्यता धरून औषध सुरू करतात आणि तपासण्या नंतर बोलतात.

ताप नसतानाही निघायचं अशा काही गोष्टी आहेत: थंडी वाजून अंग थरथरणं, धाप लागणं, बडबडणं किंवा गुंगी, लघवी फार कमी होणं. स्टेरॉइड घेणाऱ्याच्या अंगात ताप दबलेला असतो, त्यांच्यात ही लक्षणंच आकड्याची जागा घेतात.

जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात थांबायचं की पुढे जायचं? माझं मत: रुग्ण गळालेला असेल तर जवळ थांबा, पहिलं इंजेक्शन आणि सलाईन तिथेच सुरू करून मग रेफर होऊन पुढे जा. चालताबोलता असेल आणि मोठा दवाखाना तासाभराच्या आत असेल तर सरळ तिकडे.

अंगावर दिसणाऱ्या गोष्टी

नागीण. एका बाजूला पट्ट्यासारखी आग, मग पाण्याने भरलेले फोड. लहानपणी कांजिण्या झालेल्या कोणाच्याही अंगात हा विषाणू झोपलेला असतो आणि प्रतिकारशक्ती उतरली की जागा होतो. गावात गेरू, लेप, मंत्र, आणि ‘तोंड-शेपूट जुळली की माणूस जातो’ हे सगळं ऐकायला मिळतं. विळखा पूर्ण होऊन कोणी मरत नाही, पण प्रतिकारशक्ती कमी असलेल्यात हा विषाणू फुप्फुसात, मेंदूत पसरू शकतो, आणि डोळ्याजवळची नागीण दृष्टी नेते. अ‍ॅसायक्लोविरसारखं औषध फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालं पाहिजे; या रुग्णांत ७२ तास उलटले तरी देतात, आणि बऱ्याचदा शिरेतून देतात. लेप लावून तीन दिवस घालवले तर नेमका कामाचा वेळ गेला.

माता (कांजिण्या) आणि गोवर. कांजिण्या झालेला पुरळ यायच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत दुसऱ्याला आजार देऊ शकतो. गोवरवाला पुरळाआधी चार दिवस आणि नंतर चार दिवस, आणि तो खोलीतून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो. ज्या घराच्या दाराला निंबाचा डहाळा दिसेल त्या घरी आपल्या रुग्णाला नेऊ नका, मातेला पाणी चढवायलाही नाही. जुन्या माणसांनी लावलेली ही खूण इथे खरोखर कामाची आहे. आणि चुकून संपर्क आलाच तर पुरळ उठायची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरला कळवा. संपर्कानंतर ठरावीक दिवसांत, गोवरात ६ आणि कांजिण्यांत १० दिवसांच्या आत, तयार प्रतिपिंडांचं संरक्षक इंजेक्शन देता येतं. कांजिण्यांत गोळ्यांचाही मार्ग असतो. मेळघाटातल्या कुपोषित लेकरांना गोवर किती महागात पडतो हे तिथल्या आशाताईंना वेगळं सांगायला नको.

फ्लू आणि कोविड. फ्लूचं औषध ऑसेल्टामिव्हिर ४८ तासांत सुरू केलं तर उत्तम, म्हणून खोकला-ताप सुरू झाल्याच्या पहिल्याच दिवशी तपासणी. हे रुग्ण बरे झाल्यावरही कित्येक आठवडे विषाणू बाहेर टाकू शकतात. केमोच्या पुढच्या तारखेला वॉर्डात जाण्याआधी तसं कळवा, शेजारच्या खाटेवरही असाच कोणी असतो.

डेंग्यूत गंमत अशी की केमोवाल्याच्या प्लेटलेट आधीच कमी असतात, त्यामुळे ‘औषधामुळेच आहे’ म्हणून डेंग्यू नजरेतून सुटतो. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ तपासणी मागा. अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन द्यायचं नाही. ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस जास्त धोक्याचे: पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं दिसलं की भरती.

डोळे पिवळे झाले तर झाडपाल्याच्या औषधाला किंवा कावीळ उतरवायला नेऊ नका. वर सांगितलेला हिपॅटायटिस बी कधी कधी उपचार संपल्यानंतर काही महिन्यांनी, रिटुक्सिमॅब घेतलं असेल तर वर्षाहून जास्त काळानेही, डोकं वर काढतो.

सिकलसेलचं पोर तापानंतर एकाएकी पांढरंफटक पडलं, खेळायचं सोडून पडून राहू लागलं, धाप लागली, तर पार्व्होव्हायरस बी-१९ ची शंका घ्यायची. साध्या पोरांना याने गालावर लाली येते आणि दोन दिवसांत ती विसरतात. सिकलसेलमध्ये मात्र हा विषाणू रक्त तयार करणाऱ्या पेशींवरच बसतो, आठवडाभर नव्या तांबड्या पेशी बनत नाहीत आणि हिमोग्लोबिन भराभर उतरतं. रक्त चढवावं लागतं. घरात सिकलसेलची दोन भावंडं असतील तर दुसऱ्याचंही रक्त तपासून घ्या, बरेचदा एकापाठोपाठ दोघंही पडतात.

एचआयव्हीत सीडी-४ पन्नासच्या खाली असताना डोळ्यांसमोर काळे ठिपके तरंगणं, एका बाजूचं कमी दिसणं सुरू झालं तर चष्म्याच्या दुकानात जाऊ नका. सायटोमेगॅलो नावाचा विषाणू पडदा खातो आणि गेलेली नजर परत येत नाही.

कुत्रं चावलं तर

रेबीजही विषाणूचाच आजार आहे, आणि गावात मोकाट कुत्र्यांची कमी नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. मिरची, चुना, हळद काही भरू नका. मग दवाखान्यात दोन गोष्टी स्पष्ट बोला. एक: प्रतिकारशक्ती कमी असलेल्याला नुसतं खरचटलं, रक्तही आलं नाही, तरी जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) भरावं लागतं, इतरांना तेवढ्यासाठी नुसती लस पुरते. दोन: सरकारी दवाखान्यात लस सहसा कातडीत थोड्या मात्रेत टोचतात, पण या रुग्णांना पूर्ण मात्रा स्नायूत, ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी द्यायची असते. लस आधी कधी झाली असली तरी हेच. सांगितलं नाही तर समोरच्याला कळायला मार्ग नाही.

गोळ्यांचं

ताप आला म्हणून स्टेरॉइड एकदम बंद करू नका. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं सोडलेलं असतं, आणि अचानक बंद केलं तर रक्तदाब कोसळतो. उलट आजारपणात डॉक्टर डोस वाढवतात. उलटीमुळे गोळी पोटात राहत नसेल तर तेही दवाखान्यात जायचं कारण आहे. एआरटीची गोळी एकही चुकवू नका.

गावातल्या डॉक्टरची ‘ताकदीची सुई’ आणि कागदाच्या पुडीतल्या बिननावाच्या गोळ्या यांना हात जोडून नकार द्या. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं आणि आतला आजार वाढत जातो. गुळवेल, काढे, ‘इम्युनिटी वाढवणारी’ पावडरही नको. किडनी बदललेल्याची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली असते, ती वाढवायला जाणं म्हणजे नव्या किडनीवर हल्ला बोलावणं; आणि गुळवेलीने काहींचं यकृत सुजल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं आहे. मेडिकल दुकानात टॅक्रोलिमसचं (किडनी बदललेल्यांना प्रतिकारशक्ती दाबायला देतात ती गोळी) पाकीट दाखवल्याशिवाय कोणतंही प्रतिजैविक किंवा बुरशीचं औषध घेऊ नका. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल यांनी त्याची रक्तातली पातळी चढते आणि किडनीलाच मार बसतो.

सांभाळणारी आजारी पडली तर

बहुतेक घरांत रुग्ण एकाच बाईच्या भरवशावर असतो, आणि सोयाबीनच्या सवंगणीत किंवा कापूस वेचणीत तिलाही ताप येतोच. त्या दिवसांसाठी दुसरं माणूस आधीच ठरवून ठेवा: नणंद, दीर, शेजारची काकू, कोणीही, पण थर्मामीटर वाचता येणारं आणि पिशवी कुठे टांगली आहे हे माहीत असलेलं. दुसरं कोणीच नसेल तर तिने मास्क लावून, हात धुऊन स्वयंपाक आणि गोळ्या द्याव्यात, झोपायची खोली वेगळी ठेवावी, आणि फ्लूची लस रुग्णासोबत स्वतःही दरवर्षी पावसाळ्याआधी घ्यावी.